गोळी टाळण्यासाठी न्यूरोफीडबॅक घ्यावं का? तिसरीतल्या मुलाच्या आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. मुलगा आठ वर्षांचा, नाशिकला तिसरीत. वर्गात जागेवर बसत नाही, वह्या अर्धवट, आठवड्यातून दोनदा कंपासपेटी नाहीतर डबा हरवून येतो. बालमानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचं, निदान केलं आणि मिथाइलफेनिडेट ही गोळी सुरू करू या म्हणाले. गोळीचं नाव काढलं की आजींच्या पोटात गोळा येतो, आणि तुमच्याही. त्याच सुमाराला एका केंद्रात मुलाचा ‘ब्रेन मॅप’, म्हणजे मेंदूच्या लहरींचा रंगीत नकाशा काढला. तिथे लाल रंगाचा भाग दाखवून सांगितलं की न्यूरोफीडबॅकची, म्हणजे मेंदूच्या लहरी यंत्रावर मोजत त्या बदलायच्या सरावाची, ४० सत्रं घ्या, खर्च ७२ हजार, गोळीची गरजच पडणार नाही. तुम्ही दहा हजार आगाऊ भरलेत आणि आता विचारताय की घ्यावं का.

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. पुण्यात एकवीस वर्षं मुलांबरोबर काम करते. त्यातली नऊ वर्षं न्यूरोफीडबॅकचं यंत्र माझ्या खोलीत होतं आणि मी स्वतः ते चालवत होते, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. गोळीच्या ऐवजी म्हणून न्यूरोफीडबॅक घेऊ नका. मात्र त्या चाळीस फेऱ्यांमध्ये मुलाला जे मिळतं, त्यातलं बरंच काही खरोखर मोलाचं असतं. ते यंत्राशिवाय मिळवता येतं आणि ते तुम्ही मिळवावं, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही विचारलंय ‘उपयोग होतो का’, पण तुमचं लिहिणं दोनदा वाचल्यावर जाणवलं की घोडं दुसरीकडेच अडलंय. तुम्हाला गोळी नकोय. कुणीतरी ठामपणे ‘गोळी लागणार नाही’ म्हणालं आणि तुम्हाला सुटल्यासारखं झालं. त्या सुटकेची किंमत ७२ हजार आहे. ही भावना मला परकी नाही, माझ्याकडे येणारे निम्मे पालक तिथूनच सुरुवात करतात. म्हणून यंत्राबद्दल बोलून झालं की गोळीबद्दलही स्पष्ट बोलणार आहे. ते टाळलं तर उत्तर अर्धंच राहील.

आधी यंत्र. मुलाच्या टाळूवर मधोमध आणि कानांच्या पाळ्यांना पेस्ट लावून तारा चिकटवतात. मेंदूतल्या असंख्य पेशी एका तालात काम करतात तेव्हा त्यांचा अतिक्षीण विद्युतदाब डोक्याच्या त्वचेपर्यंत पोचतो. तो इतका कमी असतो की व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजावा लागतो. संगणक त्यातून वेगवेगळ्या गतीच्या लहरी निवडतो. सेकंदाला चार ते आठ वेळा हेलकावणारी ती थीटा, साधारण तेरा ते वीस वेळा हेलकावणारी ती बीटा. पेंग येताना, तंद्रीत असताना थीटा वाढते. मन एखाद्या कामात गुंतलं की बीटाचं प्रमाण वाढतं. थीटा उतरली आणि बीटा चढली की पडद्यावरची गाडी पळते किंवा चित्र उजळतं, उलट झालं की गाडी थांबते. ‘असं कर’ म्हणून मुलाला कुणी सांगत नाही. बक्षीस मिळवून देणारी अवस्था मेंदूने आपली आपण पकडावी, अशी ती कल्पना आहे. यंत्र फक्त मोजतं, मेंदूत काही सोडत नाही. त्यामुळे धोका फारसा नाही. काही मुलांना डोकेदुखी, थकवा किंवा चिडचिड होते, एवढंच.

ही कल्पना भोंदूपणातून आलेली नाही, हेही सांगायला हवं. माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या त्या हान्स बर्गर यांनी, जर्मनीतल्या येना शहरात, १९२४ साली. पुढे १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन या संशोधकांनी मांजरांना मेंदूतली एक ठरावीक लहर वाढवायला शिकवलं. लहर वाढली की दूध मिळायचं. त्यानंतर रॉकेटच्या इंधनातल्या हायड्राझिन या विषारी द्रव्याचा प्रयोग चालू असताना त्यांच्या ध्यानात आलं की ही शिकलेली मांजरं झटके येण्याआधी बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ तग धरतात. मांजराला ‘उपचार चालू आहे’ असा विश्वास वाटत नसतो, त्यामुळे या निरीक्षणाला वजन होतं. १९७६ साली टेनेसी विद्यापीठातल्या जोएल लुबार यांनी हेच तंत्र अतिचंचल मुलाच्या बाबतीत वापरल्याचं प्रसिद्ध केलं आणि तिथून आजच्या केंद्रांपर्यंतचा रस्ता सुरू झाला. मीही याच गोष्टींनी भारावून यंत्र घेतलं होतं.

आता तो ‘ब्रेन मॅप’. लाल रंग पाहून तुमच्या छातीत धस्स झालं असेल. एडीएचडी असलेल्या मुलांचा मोठा गट आणि नसलेल्यांचा मोठा गट यांच्या सरासऱ्या शेजारी ठेवल्या, तर पूर्वीच्या अभ्यासांत पहिल्या गटात बीटाच्या तुलनेत थीटाचं प्रमाण जास्त दिसायचं. पण सरासरी म्हणजे तुमचा मुलगा नव्हे. एडीएचडी असूनही थीटा सर्वसाधारण असलेली मुलं भरपूर आहेत आणि थीटा जास्त असूनही वर्गात व्यवस्थित शिकणारी मुलंही आहेत. २०१३ साली अमेरिकेत औषधं आणि उपकरणं यांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने या प्रमाणावर चालणाऱ्या एका उपकरणाला निदानाला पूरक म्हणून परवानगी दिली. त्याच वर्षी आलेल्या अनेक अभ्यासांच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणाने मात्र दाखवलं की निदानासाठी हे माप भरवशाचं नाही आणि नव्या अभ्यासांत दोन गटांतला फरक आणखीच पुसट होत चाललाय. २०१६ साली अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या मज्जासंस्थेच्या डॉक्टरांच्या संघटनेने बजावलं की नेहमीच्या तपासणीच्या जागी हे वापरू नये.

शिवाय रेकॉर्डिंगच्या वेळचं मूल डोळ्यांपुढे आणा. आदल्या रात्री उशिरा झोपलेलं मूल पेंगतं, थीटा वाढते. पापण्यांची उघडझाप मंद लहरींसारखी दिसते, दात आवळले की जबड्याच्या स्नायूंची लुडबुड बीटामध्ये मिसळते. चुळबुळ करणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाचं स्वच्छ रेकॉर्डिंग मिळवताना माझा अर्धा तास जायचा आणि तरीही त्यातलं बरंच फेकून द्यावं लागायचं. तुमच्या नकाशात काय गाळलं आणि काय ठेवलं, हे रंगांवरून कळत नाही. एडीएचडीचं निदान आजही घर आणि शाळा अशा निदान दोन ठिकाणच्या वागण्यावरून, सहा महिन्यांहून जास्त टिकलेल्या लक्षणांवरून आणि नीट घेतलेल्या इतिहासावरून होतं. तुमच्या डॉक्टरांनी दोन भेटींत पाऊण-पाऊण तास विचारपूस केली आणि बाईंकडून प्रश्नावली भरून घेतली, असं तुम्ही लिहिलंय. त्या कागदांवर माझा नकाशापेक्षा जास्त विश्वास आहे.

एका ओळीत तुम्ही म्हटलंय की ‘मधूनच तो एकटक बघत राहतो, हाक मारली तरी ओ देत नाही’. याबद्दल डॉक्टरांशी वेगळं बोला. बहुतेक वेळा ती नुसती तंद्री असते, खांद्यावर हात ठेवला की मूल भानावर येतं. पण हात लावूनही पाच-दहा सेकंद परत येत नसेल, पापण्या फडफडत असतील, बोलता बोलता वाक्य मध्येच तुटत असेल, तर एका प्रकारच्या फिट्सची शंका घ्यावी लागते. त्यासाठी मज्जासंस्थेच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली होणारा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची रीतसर तपासणी, लागतो. त्यात मुलाला जोरजोरात श्वास घ्यायला लावतात आणि तज्ज्ञ प्रत्यक्ष रेघा वाचतात. केंद्रातला रंगीत नकाशा त्याची जागा घेऊ शकत नाही. पुढच्या वेळी तसं झालं तर मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवा, डॉक्टरांचं काम सोपं होईल.

आता मुख्य मुद्दा, गुण येतो का. माझ्या खोलीतला अनुभव आधी सांगते.

माझ्याकडे येणारी बरीच मुलं सुधारायची. वीसेक सत्रांनंतर आई सांगायची, ‘आता जेवायला एका जागी बसतो.’ मला ते खरं वाटायचं आणि ते खरंच होतं. मग २०१६च्या पावसाळ्यात यंत्राचा ॲम्प्लिफायर बिघडला. दुरुस्तीला पाच आठवडे लागणार होते. त्या वेळी सहा मुलांची सत्रं अर्ध्यावर होती. पालकांनी सुट्टी काढून, रिक्षा ठरवून आठवड्याचे वार बसवले होते, ते मोडले तर परत बसणार नाहीत म्हणून मी म्हटलं, येत राहा. त्या पाच आठवड्यांत मी मुलांबरोबर पत्ते, सोंगट्या, ‘थांब आणि विचार कर’ पद्धतीचे खेळ खेळले. शेवटची पंधरा मिनिटं आईशी किंवा वडिलांशी बोलायचं. या आठवड्यात घरी काय जमलं, कुठे भडका उडाला, पुढच्या आठवड्यात एकच गोष्ट कोणती बदलायची, असं. दर पंधरा दिवसांनी शिक्षकांकडून प्रश्नावली यायचीच. यंत्र परत आल्यावर मी त्या प्रश्नावल्यांचे आलेख समोर ठेवले. कोणत्या आठवड्यांत यंत्र बंद होतं हे त्यांवरून ओळखता येईना. सुधारणा त्याच चालीने पुढे गेली होती.

सहा मुलांवरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मनात प्रश्न रुजला तो तिथे. मुलं सुधारत होती, मग श्रेय कशाला द्यायचं?

या प्रश्नाचं सर्वांत कसोशीने शोधलेलं उत्तर अमेरिकेतल्या एका चाचणीतून आलं. सात ते दहा वर्षांची १४४ मुलं, सगळ्यांना एडीएचडी आणि सगळ्यांचं थीटा-बीटा प्रमाण मुद्दाम जास्त असलेलं निवडलं, म्हणजे ज्यांना या उपचाराचा उपयोग व्हायलाच हवा अशीच मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गट पाडले. दोन्ही गटांना ३८ सत्रं, तीच खोली, तीच यंत्रं, तेच पडदे. फरक एवढाच की एका गटाची गाडी स्वतःच्या मेंदूच्या लहरींवर पळत होती आणि दुसऱ्या गटाची आधीच नोंदवून ठेवलेल्या, दुसऱ्याच्याच लहरींवर. मूल, पालक, शिक्षक, सत्र घेणारी व्यक्ती, कुणालाच ठाऊक नव्हतं की कोण कोणत्या गटात आहे. याचे निष्कर्ष २०२१ साली छापून आले. पालक आणि शिक्षकांच्या मते दोन्ही गट भरपूर सुधारले आणि सुधारणा पुढच्या वर्षभरातही बरीचशी टिकली. पण दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ‘खूप सुधारला’ असा शेरा खऱ्या न्यूरोफीडबॅकच्या गटात ६१ टक्के मुलांना मिळाला आणि खोट्या गटात ५४ टक्के मुलांना. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला आहे. एक गोष्ट न्यूरोफीडबॅकच्या बाजूने सांगायला हवी. वर्षभरानंतर खऱ्या गटातल्या मुलांना औषध कमी लागत होतं. त्याचा अर्थ काय, यावर अजून वाद आहे.

हे वाचलं तेव्हा मला तो पावसाळा आठवला.

केंद्रवाले तुम्हाला चांगले निष्कर्ष असलेले अभ्यासही दाखवतील आणि ते खोटे नाहीत. २००९ साली जर्मनीत १०२ मुलांवर झालेल्या चाचणीत संगणकावरच्या लक्ष-सरावापेक्षा न्यूरोफीडबॅक सरस ठरलं होतं. त्याच वर्षीच्या एका एकत्रित विश्लेषणात परिणाम मोठा दिसला. गोम अशी की अशा अभ्यासांत मूल्यमापन बहुतेक वेळा पालकांनी केलेलं असतं आणि मूल कोणता उपचार घेतंय हे पालकांना कळलेलं असतं किंवा सहज कळू शकतं. महिनोन्‌महिने पदरमोड करून मुलाला नेणाऱ्या आईला सुधारणा दिसते, त्यात तिचा काही दोष नाही. ज्यांना हे ठाऊक नसतं त्यांचं मत, बहुतेकदा शिक्षकांचं, तेवढंच वेगळं काढलं की परिणाम विरघळतो. २०१३ आणि २०१६च्या विश्लेषणांत तेच दिसलं. २०२४च्या डिसेंबरात ‘जामा सायकियाट्री’ या नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात ३८ चाचण्या आणि २,४७२ माणसांची माहिती होती. तिथेही एडीएचडीच्या लक्षणांवर सरसकट फायदा दिसला नाही. ठरलेल्या प्रमाणित पद्धती काटेकोर वापरणाऱ्या चाचण्या तेवढ्या वेगळ्या काढल्या तर थोडासा फायदा दिसतो, आणि कामाच्या वेगात किंचित सुधारणा. शून्य म्हणता येणार नाही, पण औषधाची जागा घेण्याइतकंही नाही.

भिंतीवर कदाचित एक चौकटही टांगलेली असेल, ‘अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सर्वोच्च श्रेणी दिली’. २०१२ साली अशा एका यादीत बायोफीडबॅकला (न्यूरोफीडबॅक हा त्यातलाच एक प्रकार) वरची श्रेणी मिळाली होती, त्याचा तो धागा. ती श्रेणी वर सांगितलेल्या २०२१च्या चाचणीच्या आणि २०१३पासूनच्या विश्लेषणांच्या आधीची आहे. त्याच संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचना सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी औषध आणि वर्तनविषयक प्रशिक्षण यांच्याकडेच बोट दाखवतात. ‘एफडीएमान्य’ हा शब्द दिसला तर कशासाठी मान्य, ते विचारा. अशी उपकरणं साधारणपणे शिथिलीकरणाच्या सरावासाठी विकली जातात.

मग दोन्ही गटांना गुण आला तो कशामुळे? माझ्या अनुभवातून मला तरी असं वाटतं. आठवड्यातून दोन-तीनदा ठरल्या वेळी एक मोठं माणूस पाऊण तास फक्त या मुलाकडे बघतं. शाळेत दिवसभर ‘बस खाली’ ऐकणाऱ्याला इथे दर मिनिटाला ‘शाब्बास’ मिळतं, तेही ताबडतोब. स्थिर बसण्याचा सराव होतो. सत्राला जाता-येता स्कूटरवर बाप-लेकाचं बोलणं होतं, हे तर मी कितीदा पाहिलंय. घरातले ‘हा मुद्दाम करतो’ म्हणायचे थांबतात, कारण मेंदूचा काहीतरी प्रश्न आहे हे त्यांना पडद्यावर दिसलेलं असतं. आणि मूल काही महिन्यांनी मोठंही झालेलं असतं. यातलं काहीच नकली नाही.

त्याच काळातली एक चूकही सांगते, कारण तिची किंमत माझ्या हातून एका मुलीने मोजली. चौथीतली शांत मुलगी, लक्ष लागत नाही म्हणून आली होती. सत्रागणिक तिचा थीटाचा आलेख सुरेख उतरत गेला आणि मी खूश होते. सहा महिन्यांनी सहज गोष्टीचं पुस्तक दिलं तर तिला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. तिला अध्ययन अक्षमता होती, वाचनाची. वाचताच येत नाही त्या पानावर लक्ष कसं लागणार? आलेख सुधारत असताना ती मुलगी होती तिथेच होती. तेव्हापासून कोणत्याही मुलाच्या बाबतीत मी वाचन, लेखन आणि गणित आधी तपासते. तुमच्या मुलाचं हे झालं नसेल तर करून घ्या. एडीएचडीच्या बऱ्याच मुलांत दोन्ही बरोबर असतं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं तर राज्य मंडळाच्या परीक्षांत जादा वेळेसारख्या सवलतीही मिळतात.

आता गोळी. मिथाइलफेनिडेट हे गुंगीचं औषध नाही. ते उत्तेजक आहे. मेंदूत डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायनं थोडी जास्त उपलब्ध होतात आणि समोरच्या कामाला धरून राहणं सोपं जातं. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात काम सुरू करते आणि तीन-चार तासांत उतरते. मूल ‘झोंबीसारखं’ दिसायला लागलं तर बहुधा मात्रा जास्त झालेली असते किंवा ते औषध त्याला मानवत नसतं. दोन्हींवर इलाज आहे, डॉक्टरांना लगेच कळवा. भूक कमी होते, हे खरं. म्हणून सकाळची न्याहारी गोळीच्या आधी आणि रात्रीचं जेवण पोटभर, अशी घडी बसवावी लागते. झोप उशिरा लागू शकते, उंची वाढण्याचा वेग किंचित मंदावू शकतो, नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात. म्हणून वजन, उंची, रक्तदाब यांची दर काही महिन्यांनी नोंद हवी. घराण्यात कुणाचा लहान वयात अचानक हृदयविकाराने मृत्यू झाला असेल किंवा मुलाला दम लागून भोवळ येत असेल तर ते आधी सांगा.

आजींच्या मनात ‘सवय लागेल’ ही भीती असणार. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक निर्बंध असलेल्या औषधांच्या यादीत येतं, दुकानदार चिठ्ठीची प्रत ठेवून घेतो, त्यामुळे ती भीती आणखी बळावते. कायदा कडक आहे तो गैरवापर टाळण्यासाठी. लहानपणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध घेतलेल्या मुलांत पुढे व्यसनाचं प्रमाण वाढलेलं आढळत नाही. हे आजींना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या. माझ्या अनुभवात घरातला विरोध असाच निवळतो.

पण गोळीचंही खरं चित्र द्यायला हवं. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ५७९ मुलांच्या मोठ्या चाचणीत, नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधाने चौदा महिन्यांत मूळ लक्षणांवर वर्तन-उपचारापेक्षा जास्त फरक पडला. तीन वर्षांनी गटांमधला तो फरक उरला नव्हता. गोळी चालू असेपर्यंत काम करते. ती मुलाला दप्तर भरायला शिकवत नाही. शिकण्यासाठी लागणारा निवांतपणा देते, शिकवायचं आपणच. काही मुलांना गोळीशिवाय भागतं, विशेषतः लक्षणं सौम्य असतील आणि शाळा समजून घेणारी असेल तर. काहींना उत्तेजक औषध चालत नाही, त्यांच्यासाठी ॲटोमॉक्सेटिनसारखे वेगळे पर्याय आहेत. तुमच्या मुलाला गोळी लागेलच असं मी इथून म्हणणार नाही, पण ‘लागणारच नाही’ हे शब्दही कुणी देऊ नयेत.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, ते सांगते. आधी साध्या गोष्टी: डोळे आणि कान तपासले का? रात्री घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का? ॲडिनॉइड (नाकामागची गाठ) वाढलेल्या मुलांची झोप मोडते आणि दिवसा ती अतिचंचल वाटतात. या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते, त्याला किती मिळते? हिमोग्लोबिन आणि लोह पाहिलंय का? त्याचा जन्म कोणत्या महिन्यातला? वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांपैकी असेल तर दहा-अकरा महिन्यांनी मोठ्या मुलांशी त्याची तुलना होते आणि अशा मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त पडतो, असं बऱ्याच देशांत दिसलंय. डॉक्टरांना हे विचारायला संकोच करू नका.

मग पालकांचं प्रशिक्षण. यात तुम्ही दोघं आणि आजी, तिघंही हवेत. याला साधारण आठ ते बारा बैठका लागतात. त्यात शिकायचं ते ऐकायला साधं वाटतं: दुरून ओरडून तीन सूचना देण्याऐवजी जवळ जाऊन, डोळ्यांत बघून एकच सूचना. गृहपाठाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे आणि मध्ये अंगणात एक धाव. बक्षीस महिन्याच्या शेवटी सायकल असं नको, त्याच संध्याकाळी मिळणारं छोटं काहीतरी. या मुलांना लांबचं बक्षीस दिसतच नाही. रोज पंधरा मिनिटं त्याने निवडलेला खेळ, त्यात शिकवणं नाही, सुधारणं नाही. ऐकायला साधं असलं तरी थकल्या संध्याकाळी हे रोज करणं फार अवघड आहे, म्हणूनच कुणीतरी दर आठवड्याला पाठीशी लागतं. पैसे इथे खर्च करा. आणि पैशांची ओढाताण असेल तर जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालणारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे चौकशी करा.

शाळेत वर्गशिक्षिकेशी भांडायला जाऊ नका, मदत मागायला जा. एक छोटी वही ठेवा, त्यात रोज तीनच गोष्टी: फळ्यावरचं उतरवलं का, हात वर करून बोलला का, दप्तरात सगळं परत भरलं का. बाईंनी फक्त बरोबर किंवा फुली करायची, अर्ध्या मिनिटाचं काम. घरी आल्यावर तीनपैकी दोन बरोबर असतील तर त्याच दिवशी ठरलेलं बक्षीस. जागा पुढच्या बाकावर, खिडकीपासून दूर. वह्या वाटणं, फळा पुसणं ही कामं त्याला द्यावीत, म्हणजे उठायचं निमित्त मानाने मिळतं. चाळीस मुलांच्या वर्गात बाईंना याहून जास्त जमणार नाही आणि एवढं बहुतेक बाई करतात, नीट विचारलं तर.

हे सहा ते आठ आठवडे मनापासून करा. आधी आणि नंतर बाईंकडून तीच प्रश्नावली भरून घ्या. फरक पुरेसा नसेल, किंवा आत्ताच मार खाणं, मित्र तुटणं, ‘मी वाईट आहे’ म्हणणं इथपर्यंत गोष्ट गेली असेल, तर गोळीला उशीर करू नका. तिसरीचं वर्ष निघून गेलं की नुसता अभ्यास मागे राहत नाही, मूल स्वतःला ‘ढ’ समजायला लागतं, आणि ते पुसायला मला पुढे वर्षं लागतात.

एवढं सगळं चालू असताना हाताशी जादा पैसा आणि वेळ असेल, तर जोडीला न्यूरोफीडबॅक घ्यायला माझी हरकत नाही. पण काही गोष्टी आधी विचारून घ्या. सत्र घेणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली आहे का. नेमकी कोणती पद्धत वापरणार, थीटा-बीटा, एसएमआर (शरीर स्थिर असताना दिसणारी एक लहर) की मंद कॉर्टिकल विभव (मेंदूच्या विद्युतदाबातले संथ चढउतार). या तिन्हींचा अभ्यास झालेला आहे, ‘आमची स्वतःची खास पद्धत’ हे उत्तर पुरेसं नाही. प्रगती कशावर मोजणार, त्यांच्या आलेखावर की शिक्षकांच्या प्रश्नावलीवर. आणि बारा-पंधरा सत्रांनंतर शाळेत फरक नसेल तर थांबता येईल का, उरलेले पैसे परत मिळतील का. चालू असलेलं औषध बंद करायला कुणी सांगितलं तर तिथून उठून या.

भरलेल्या दहा हजारांचं म्हणाल तर उद्याच केंद्राला लेखी कळवा की तूर्त सत्रं सुरू करत नाही, रक्कम परत करावी. झालेल्या ब्रेन मॅपचे पैसे ते कापतील, तेवढं चालेल. उरलेले देत नसतील तर तेवढ्या पैशांत बसतात तितकीच सत्रं घ्या, पण पहिल्या सत्राआधी बाईंची प्रश्नावली भरून घेतलेली असू द्या आणि सत्रं कशासाठी चाललीत हे बाईंना सांगू नका. दहा हजार गेले म्हणून बासष्ट हजार भरायची सक्ती होत नाही. आणि त्या एकटक बघण्याचं चित्रीकरण जमलं तर ते डॉक्टरांना आधी दाखवा, बाकी सगळं त्यानंतर.